सामाईक यंत्रावरील डॉकर नेटवर्क काढताना यादी कशाने गाळावी : नावाने की लेबलाने?

धागाकर्ता, फोंडा

आमच्या कार्यालयात चाचणीसाठी एकच सामाईक यंत्र आहे आणि त्यावर सहा जण आपापले डॉकर कंटेनर (प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवणारे कप्पे) चालवतात. गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी पावसाचा जोर पाहून, वीज जाईल या धास्तीने, एका सहकाऱ्याने ‘गाडीभाडे’ या प्रकल्पाचे कंटेनर ‘डॉकर कम्पोझ स्टॉप’ (कम्पोझ म्हणजे एका प्रकल्पाचे सारे कंटेनर एकत्र हाताळणारे साधन) देऊन व्यवस्थित थांबवले. त्याच रात्री दुसऱ्या सहकाऱ्याला स्वतःच्या ‘भाडे’ प्रकल्पाची जुनी नेटवर्क (कंटेनरांना आपसांत जोडणारी जाळी) काढायची होती, म्हणून त्याने ‘डॉकर नेटवर्क एलएस --फिल्टर नेम=भाडे -क्यू’ या आज्ञेची यादी थेट ‘डॉकर नेटवर्क आरएम’ या काढून टाकणाऱ्या आज्ञेच्या हाती दिली.

नेम हा फिल्टर पूर्ण नावाप्रमाणेच नावाचा तुकडाही जुळवतो, त्यामुळे ‘गाडीभाडे_डिफॉल्ट’ही त्या यादीत आले, आणि -क्यूमुळे यादीत नुसते आयडी असल्याने ते कोणाच्या नजरेस पडण्याचा प्रश्नच नव्हता. कंटेनर चालू असते, तर त्या नेटवर्कवर ॲक्टिव्ह एंडपॉइंट (चालू जोडण्या) आहेत असे सांगून डॉकरने ते काढायला नकार दिला असता. थांबलेल्या कंटेनरचा मात्र नेटवर्कवर एंडपॉइंट उरत नाही. सकाळी कंटेनर सुरू करायला गेल्यावर ‘नेटवर्क सापडले नाही’ एवढीच चूक दिसली, आम्ही कंटेनर नव्याने बनवून घेतले आणि त्या भरात कंटेनरच्या आत हाताने केलेले दोन दिवसांचे बदल गेले.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. नाव हे पाहण्यासाठी असते. काढून टाकण्याची यादी नावावरून कधीच बनवू नये. नेटवर्क बनवतानाच ‘--लेबल मालक=अमुक’ असे लेबल, म्हणजे ओळखचिठ्ठी, लिहावे आणि साफसफाई केवळ ‘--फिल्टर लेबल=मालक=अमुक’ या यादीवरच करावी. लेबलाचे मूल्य पूर्ण जुळावे लागते, अर्धवट तुकड्यावर ते जुळत नाही.

प्रतिसाद, म्हापसा

आपले नुकसान झाले याचे वाईट वाटते, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. दोष नावाचा नसून अर्धवट नावाचा आहे. नेम फिल्टरला रेग्युलर एक्स्प्रेशन (चिन्हांनी लिहिलेला जुळणीचा नमुना) चालते; सुरुवातीला ‘^’ आणि शेवटी ‘$’ लावून ‘नेम=^भाडे_डिफॉल्ट$’ असे लिहिले असते, तर गाडीभाडे त्यात आलेच नसते. शिवाय आपण एक मोठी अडचण सांगितलीच नाही. डॉकरमध्ये आधीच बनलेल्या नेटवर्कला मागाहून लेबल लावण्याची सोय नाही. ते काढून पुन्हा बनवावे लागते. म्हणजे आज ज्याच्या यंत्रावर वीस जुनी नेटवर्क आहेत, त्याने आपला नियम पाळायचा तर आधी ती वीसही मोडायची. हा उपाय दुखण्यापेक्षा जड आहे.

प्रतिसाद, पणजी

मुळात यादी हाताने बनवायचीच कशाला? ‘डॉकर नेटवर्क प्रून’ ही आज्ञा वापरात नसलेली नेटवर्कच काढते, ब्रिज, होस्ट आणि नन या मूळच्या तिघांना हात लावत नाही आणि काम करण्याआधी विचारते. घाईने काढू नये असे वाटत असेल, तर ‘--फिल्टर अन्टिल=२४एच’ जोडावे. आम्ही हे वर्षानुवर्षे रात्रीच्या ठरावीक कामात चालवतो. आपण जी शिस्त मागता, ती सहा जणांच्या कार्यालयात पहिल्या आठवड्यातच विसरली जाईल, कारण लेबल न लावणाऱ्याला डॉकर अडवत नाही.

धागाकर्ता, फोंडा

पणजीच्या मित्रांना आदरपूर्वक सांगतो की, प्रूनने आमचे गाडीभाडे वाचले नसते. ‘वापरात नाही’ याचा प्रूनच्या लेखी अर्थ ‘या क्षणी एकही कंटेनर जोडलेला नाही’ असा होतो आणि थांबवून ठेवलेला कंटेनर त्या हिशेबात धरला जात नाही. एलएसचा डँगलिंग हा वापरात नसलेली नेटवर्क दाखवणारा फिल्टरही तोच हिशेब मांडतो. अन्टिलबद्दल तर पुष्कळांचा गैरसमज असतो. ते नेटवर्क कधी बनले हे पाहते, शेवटचे कधी वापरले हे नव्हे. म्हणून दोन वर्षे रोज वापरलेले आणि फक्त काल संध्याकाळी थांबवलेले नेटवर्क चोवीस तासांच्या त्या चाळणीतून सरळ खाली पडते. रात्रीच्या कामात विचारणाही होत नसणार, कारण तिथे ‘-एफ’ (न विचारता कर) द्यावाच लागतो.

म्हापशाच्या प्रतिसादातली जुन्या नेटवर्कांची अडचण खरी आहे, ती मी मान्य करतो. तरीही कम्पोझने बनवलेल्या नेटवर्कांना प्रकल्पाच्या नावाचे लेबल, म्हणजे ‘कॉम.डॉकर.कम्पोझ.प्रोजेक्ट’, आपोआप लागलेले असते. आमच्या वीसपैकी सतरांवर ते आधीच होते.

प्रतिसाद, डिचोली

मी विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा सांभाळते आणि याच लेबलाने आम्हाला गोत्यात आणले. वेगळे काही सांगितले नसेल, तर कम्पोझ प्रकल्पाचे नाव त्या फोल्डरच्या नावावरून घेते. आमच्या सामाईक यंत्रावर प्रत्येक मुलाच्या घरात ‘प्रोजेक्ट’ याच नावाचा फोल्डर होता. परिणामी सगळ्यांचे लेबल एकच, नेटवर्कही एकच ‘प्रोजेक्ट_डिफॉल्ट’, आणि एका मुलीचा कंटेनर दुसऱ्याच मुलाच्या डेटाबेसशी बोलत असलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला, कारण दोघांच्याही सेवेचे नाव ‘डीबी’ होते. तेव्हा आपोआप लागलेल्या लेबलावर विसंबणे म्हणजे पुन्हा नावावरच विसंबणे होय. कम्पोझच्या फाइलमध्ये सर्वांत वर ‘नेम’ स्वतः लिहावे किंवा ‘-पी’ने प्रकल्पाचे नाव द्यावे, आम्ही आता त्यात हजेरी क्रमांक घालतो. आपल्या मूळ आग्रहाशी मी सहमत आहे, पण लेबल हाताने लिहिलेले असेल तरच.

प्रतिसाद, मडगाव

या भीतीने कोणी साफसफाईच सोडून देऊ नये, एवढ्यासाठी लिहितो. प्रत्येक नेटवर्कला आयपी पत्त्यांचा एक गट लागतो, आणि डॉकरच्या मूळच्या मांडणीत असे ३१ गट असतात : १७२.१७ ते १७२.३१ हे पंधरा आणि १९२.१६८ची सोळा शकले. पहिला गट ब्रिजकडे जातो, उरतात ३०. एकतिसावे नेटवर्क मागितले की पत्ते संपल्याची चूक येते. सहा जणांच्या यंत्रावर हा आकडा फार लवकर गाठला जातो.

प्रतिसाद, म्हापसा

डिचोलीच्या ताईंचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो असे मला वाटते. लेबल शेवटी माणूसच लिहितो आणि तेही चुकू शकते. म्हणून यादी गाळण्याच्या रीतीपेक्षा, काढण्याआधी काय पाहिले जाते, यावर भर हवा. -क्यूची यादी आरएमला थेट देण्याची सवय सर्वांत आधी सुटली पाहिजे. त्याऐवजी ‘--फॉरमॅट’ने आयडी, नाव आणि लेबले एका ओळीत छापावीत, आणि त्यातल्या प्रत्येक नावासाठी ‘डॉकर पीएस -ए --फिल्टर नेटवर्क=नाव’ ही त्या नेटवर्कचे कंटेनर दाखवणारी आज्ञा चालवावी. -ए असल्यामुळे थांबलेले कंटेनरही त्यात दिसतात. त्या रात्री ही एक ओळ चालवली असती, तर गाडीभाड्याचे कंटेनर समोर आले असते, मग यादी नावाने गाळलेली असो की लेबलाने.

धागाकर्ता, फोंडा

पीएस -एची ही पडताळणी मी आजच आमच्या स्क्रिप्टमध्ये घालतो; ती मला सुचायला हवी होती. लेबलाचा आग्रह मात्र सोडत नाही. पडताळणीत कंटेनर दिसला, तरी तो कोणाचा आहे आणि कोणाला विचारायचे, हे त्या ओळीतून कळत नाही. त्या रात्री आमचा सहकारी एकटाच कार्यालयात होता. ‘मालक’ या लेबलापुढे नाव असते, तर एका फोनने काम भागले असते.

प्रतिसाद, पणजी

थांबलेल्या कंटेनरांचे मी आत्ताच आमच्या चाचणी यंत्रावर करून पाहिले. कंटेनर थांबवला, प्रून केले, नेटवर्क गेले, कंटेनर पुन्हा उठला नाही. रात्रीचे काम आजपासून बंद ठेवले आहे. प्रत्येक नेटवर्कवर मालकाचे लेबल सक्तीने लावण्याला माझा विरोध अजूनही आहे, परंतु प्रूनला लेबलाचा उलटा फिल्टर चालतो, तेवढा मी घेईन : ‘--फिल्टर लेबल!=ठेवा’. जे जपायचे त्यावरच लेबल, बाकी सारे निघून जाऊ द्यावे.