टोपिकाची सहल: दार कोणी फोडलं?

प्रेषक: अनघा
मंडळी, शनिवारी कॅन्ससच्या राजधानीत, टोपिकाला, तिथलं विधान भवन (स्टेटहाउस) बघायला जातोय. १८९३ साली तिथे शेतकऱ्यांच्या पक्षाने सभागृहाचं दार फोडलं, असं ऐकलंय. मुलांना आधी सांगून ठेवलं तर बरं. श्रीधरकाका, जरा लिहाल का?

प्रेषक: श्रीधर
अनघा, दार फोडलं रिपब्लिकनांनी. शेतकऱ्यांचे पॉप्युलिस्ट आत होते!

पडलेले भाव, गहाण जमिनी आणि रेल्वेचे दर यांनी मेटाकुटीला आलेल्या शेतकऱ्यांनी १८९२ मध्ये पॉप्युलिस्ट लोरेन्झो ल्यूएलिंग यांना गव्हर्नर केलं. सिनेटही त्यांचंच. घोडं अडलं १२५ जागांच्या कनिष्ठ सभागृहात. निवडून आल्याची प्रमाणपत्रं रिपब्लिकनांकडे जास्त होती, आणि त्यातल्या काही जागा लबाडीच्या आहेत असं पॉप्युलिस्टांचं म्हणणं. मग जानेवारीत एकाच दालनात दोघांनी आपापली सभा भरवली. रिपब्लिकनांचे अध्यक्ष जॉर्ज डग्लस, पॉप्युलिस्टांचे जे. एम. डन्समोर, व्यासपीठ मात्र एकच. उठला त्याची खुर्ची गेली, म्हणून रात्रीही दोघं तिथेच ठाण मांडून. दोन जावांची एक चूल, तसं हे महिनाभर चाललं. ल्यूएलिंगनी मान्यता दिली ती अर्थात डन्समोरच्या सभेला.

१४ फेब्रुवारीला रिपब्लिकनांनी पॉप्युलिस्टांच्या मुख्य कारकुनाला अटक करायला माणसं धाडली. झटापट झाली, आणि रात्री पॉप्युलिस्टांनी दालनाचा ताबा घेऊन दारं लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिपब्लिकन घण घेऊन आले. तो घण कॅन्सस हिस्टॉरिकल सोसायटीने जपून ठेवलाय. आता रिपब्लिकन आत! गव्हर्नरने मिलिशिया, म्हणजे राज्याची फौज, बोलावली, गॅटलिंग तोफसुद्धा आली, पण फौजेच्या कर्नल ह्यूज यांनी रिपब्लिकनांना बाहेर काढायला साफ नकार दिला. पुढे त्यांचं कोर्ट मार्शल झालं. माझ्या मते रक्तपात टळला त्यात या नकाराचा वाटा मोठा.

प्रेषक: मंदार
काका, पण लबाडीचा आरोप खरा असेल तर? आणि निकाल दिला कोणी?

प्रेषक: श्रीधर
राज्याच्या सुप्रीम कोर्टाने, २५ फेब्रुवारीला, डग्लसच्या सभेच्या बाजूने, दोन विरुद्ध एक. ते दोघे न्यायाधीश रिपब्लिकन, विरोधात गेलेला पॉप्युलिस्ट, तेव्हा तुझी शंका रास्तच. तरी निकाल मला पटतो. प्रमाणपत्रवाल्यांनी आधी सभागृह भरवावं, तक्रारी मग तपासाव्यात. नाहीतर ज्याला हरल्यासारखं वाटेल तो स्वतंत्र अध्यक्ष निवडून मोकळा.

पॉप्युलिस्ट मुकाट्याने डग्लसच्या सभागृहात आले, पण अधिवेशनाचे थोडेच दिवस उरले होते. तेवढ्यात सरकारने छापलेल्या मतपत्रिकेचा कायदा झाला. तोवर पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटत. स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्नही लोकांपुढे ठेवायचं ठरलं. १८९४ मध्ये तो हरला. ज्या रेल्वेच्या दरांवरून शेतकरी पेटले होते, त्यांना वेसण घालणारा कायदा मात्र राहूनच गेला.