आईला परत उन्हाळी लागली आहे, खात्रीची गोळी सांगा (मदत हवी आहे)

चोपड्याची_लेक (११ मे, रात्री १०:२०)
आखाजीला माहेरी आले तर आईची ही अवस्था. लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाला उठते, होते थेंब थेंब. दिवाळीपासून ही चौथी वेळ. गावातल्या डॉक्टरांची गोळी घेतली की दोन दिवसांत बरं वाटतं, महिना-दीड महिन्यात परत तेच. सब्जा झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं. परवा मला धुळ्याला परतायचं आहे. कोणाला खात्रीची गोळी माहीत असेल तर नाव सांगा, उद्याच तालुक्यावरून आणते. लवकर सांगा प्लीज.

तापीकाठचा_आप्पा
मुतखडा आहे हा. मला ६ मिमीचा होता, अशीच जळजळ. रात्री मूठभर कुळीथ भिजत घाला, सकाळी उकळून ते पाणी गाळून द्या, वीस दिवस. आमच्या गल्लीत चार जणांना गुण आला आहे.

सिस्टर_मीनल
ताई, गोळीचं नाव इथे कोणी सांगू नये आणि तुम्ही घेऊ नये. आधी हे सांगा: वय किती? ताप, थंडी वाजणं, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलटी यातलं काही आहे का? शुगर आहे का? आधीच्या तिन्ही वेळा कोणत्या गोळ्या, किती दिवस? लघवी तपासली का?

चोपड्याची_लेक
वय ५८. ताप नाही. तपासायचं काय, लघवीला जळजळ होते हे दिसतंच आहे ना. गोळ्यांची पाकिटं फेकली.

रावेरकर_केळीवाला
उष्णतेचा त्रास आहे, एवढं घाबरू नका. आमच्याकडे पारा ४५ ला टेकला आहे. काळा मसाला, ठेचा, शेवभाजी पंधरा दिवस बंद. रोज दोन केळी आणि ताक. लोकांना केळी कफ करतात वाटतं, तो गैरसमज आहे. मी वीस वर्षं बागेत आहे...

लॅबमधला_भाऊ
केळीवाले दादा, उन्हाळी हा शब्दच आपल्याला फसवतो. नावात ऊन आहे म्हणून बाई सब्जा पिऊन वाट बघत बसते. ऊन जंतू पाठवत नाही. घाम जास्त, पाणी कमी, म्हणून लघवी कमी आणि गडद होते, जंतू धुऊन निघत नाहीत, एवढाच उन्हाचा संबंध. जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, आपल्याच आतड्यातला. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, तो सहज मूत्राशयात चढतो. ठेच्यामुळे जंतू होत नाही.

चोपड्याच्या ताई, तुमची अडचण गोळीची नाही, कल्चर (लघवीतला जंतू उगवून त्याच्यावर कोणती गोळी चालते ते बघायची तपासणी) न केल्याची आहे. आधीच्या तिन्ही वेळा अंदाजे गोळी दिली गेली. उद्या नवी गोळी तोंडात टाकायच्या आधी लघवीचं रुटीन (साधी तपासणी) आणि कल्चर द्या. गोळी सुरू केल्यावर नमुना दिला तर जंतू बरेचदा उगवतच नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून घरचे निश्चिंत होतात. हे मी आठवड्यातून तीनदा बघतो आणि फार वाईट वाटतं.

नमुना कसा: लॅबची निर्जंतुक डबी घ्या, घरची जॅमची बाटली उकळून चालत नाही. साध्या पाण्याने जागा धुवायची, पहिली धार सोडायची, मधली धार डबीत, बोट आत लागू द्यायचं नाही. तासा-दोन तासांत लॅबला पोचवा. गाव लांब असेल तर लॅबच्या संडासातच नमुना द्या, नाहीतर डबी बर्फाच्या थर्मासात. ४४ अंशात एस.टी.च्या पिशवीतून आलेल्या नमुन्यात जंतू वाटेतच वाढतात.

तापीकाठचा_आप्पा
भाऊ, तुमचं लॅबचं काम आहे म्हणून टेस्ट सांगता. मला कुळथाने बरं वाटलं हे खोटं आहे का?

लॅबमधला_भाऊ
खोटं नाही आप्पा. ६ मिमीपेक्षा लहान खडे बरेचदा पाण्यानेच पडतात. पण खडा असला तरी तो सोनोग्राफीत दिसेल, कुळथात नाही. आणि खडा अडकून त्यात इन्फेक्शन झालं तर ते रात्रीत जिवावर बेततं. वीस दिवस थांबा म्हणू नका.

शिरपूर_स्नेहल
माझा मुलगा ५ वर्षांचा आहे, रात्री गादी ओली करतो. त्यालाही कल्चर करावं का?

सिस्टर_मीनल
स्नेहल, वेगळा धागा काढा, तिथे लिहिते. ताप किंवा जळजळ असेल तर मात्र धाग्याची वाट न बघता दाखवा.

लेकीला: शुगरचं उत्तर राहिलं. आणि आणखी दोन, संकोच न करता विचारा. लघवी करून उठल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का? अंग (गर्भाशय) खाली येतं का?

चोपड्याची_लेक (१२ मे, सकाळी ७:०५)
शुगर आहे, आठ वर्षं. त्याचा इथे काय संबंध? गोळ्या नियमित घेते, दिवाळीत डॉक्टरांनी एक बदलली. पाकिटावर डॅपाग्लिफ्लोझिन आहे. अंग खाली येण्याचं विचारलं तर आई रडायला लागली. दोन वर्षांपासून आहे म्हणे, कोणाला सांगितलं नाही. कापूस वेचताना वाकलं की जास्त. मला काहीच माहीत नव्हतं.

सिस्टर_मीनल
माय माझी. आईला सांगा, ओपीडीत आम्ही रोज अशा बायका बघतो, यात लाजण्यासारखं काही नाही. अंग खाली उतरलं की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतो. गोळीने मरतो, पुन्हा साचतं, पुन्हा वाढतो. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर किती उरते ते मोजतात, तेवढं मुद्दाम लिहून घ्या.

शुगरचा संबंध मोठा आहे. तुम्ही लिहिलेली गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. तिने खालच्या भागाला बुरशीचा त्रास होऊ शकतो: खाज, दह्यासारखं पांढरं. तशी खाज असेल तर जंतूच्या गोळ्यांनी ती उलट वाढते. पण गोळी मनाने बंद करू नका! शुगरच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, बदलायची का ते तेच ठरवतील.

पाळी जाऊन वर्षं झाली असतील तर कोरडेपणानेही वारंवार होतं. त्यासाठी लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, स्त्रीरोगतज्ज्ञ देतात.

अमळनेरची_वहिनी
क्रॅनबेरीच्या गोळ्या मागवा, माझ्या जावेला फरक पडला.

लॅबमधला_भाऊ
वहिनी, परत होऊ नये म्हणून काहींना उपयोग होतो, पण झालेलं इन्फेक्शन त्याने जात नाही. पाण्याचं मात्र पक्कं आहे. २०१८ साली एक अभ्यास छापून आला, वारंवार त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायकांचा. निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. त्या बायकांची पाळी चालू होती, तरी पाणी आईलाही हवंच.

चोपड्याची_लेक
पाणीच तर पीत नाही. सकाळी सहाला केळीच्या बागेत जाते, एकला येते, तोवर एक तांब्या. मी ओरडले तर म्हणाली, "पानी पिऊन जाऊ कुठे?" बांधावर गडी माणसं असतात. रोखूनच धरते. काल म्हणाली, "काही नही व्हस माले, ऊन शे."

रावेरकर_केळीवाला
हे वाचून गप्प बसलो. माझ्या बागेत नऊ बाया कामाला येतात. वीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. मोटारीच्या खोलीमागे जागा आहे, उद्या आडोसा करून पाण्याचा ड्रम ठेवतो.

चोपड्याची_लेक (१५ मे, दुपारी)
धुळ्याला जाणं रद्द केलं. १२ लाच आईला जळगावला नेलं, नमुना लॅबमध्येच दिला. आज रिपोर्ट आला: ई. कोलाय, जंतूंची संख्या १ लाखाच्या वर. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि ओफ्लॉक्सॅसिनपुढे R, नायट्रोफ्युरँटॉइनपुढे S. गावात मिळायची ती सिप्रोच होती, मेडिकलवाल्याने वहीत बघून सांगितलं. आणि एक सांगायचं राहिलं: दोन दिवसांत बरं वाटलं की आई उरलेल्या गोळ्या ठेवून द्यायची, पुढच्या वेळी त्याच घ्यायची.

लॅबमधला_भाऊ
R म्हणजे त्या गोळीला हा जंतू दाद देत नाही, S म्हणजे देतो. परत परत अंदाजे घेतलेल्या गोळ्यांनी जंतू असेच निगरगट्ट होतात. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासलं का? किडनी कमजोर असेल तर S असलेली ही गोळीही देत नाहीत.

चोपड्याची_लेक
तपासलं, ठीक आहे. पाच दिवसांचा कोर्स दिला आहे, जेवणासोबत सकाळ-संध्याकाळ. घरी जळजळीचं गुलाबी सिरप आहे, ते सोबत देऊ का? लघवी तपकिरी झाली आहे, रक्त आहे का?

सिस्टर_मीनल
तपकिरी रंग त्या गोळीनेही येतो. लालभडक किंवा गुठळ्या दिसल्या तर लगेच दाखवा. सिरप नको. त्याने लघवी अल्कली होते आणि या गोळीचं काम आम्ल लघवीत चांगलं होतं. थंडी वाजून ताप किंवा पाठीत दुखणं आलं तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. इन्फेक्शन किडनीत चढलं तर ही गोळी पुरत नाही.

चोपड्याची_लेक (२० मे)
कोर्स पूर्ण, एकही गोळी उरवली नाही. रात्री एकदाच उठते. लघवी केल्यावर बरीच उरते असं सोनोग्राफीत आलं, पुढच्या सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं आहे. आत बसवायची रिंग की ऑपरेशन, ते तेव्हा ठरेल. शुगरची गोळी डॉक्टरांनी बदलली. परत कल्चर करायचं का?

लॅबमधला_भाऊ
त्रास नसेल तर नको. लक्षण नसताना लघवीत जंतू सापडले तरी या वयात सहसा औषध देत नाहीत. परत जळजळ झाली तर मात्र गोळीच्या आधी डबी.