कृष्णेची पातळी आणि आपोआप जाणारी मेल

विषय: सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी
प्रेषक: मंजिरी (सचिव)

मंडळी, नमस्कार.
जुलै लागला की आपल्या सांगलीकरांच्या मेल-लिस्टवर रोज एकच प्रश्न असतो, "पाणी किती?" सांगलीत सकाळचे आठ म्हणजे इथे न्यू जर्सीत रात्रीचे साडेदहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो आजचा की २०१९ च्या पुराचा, तेही कळत नाही. म्हणून असं सुचतंय: अण्णा विश्रामबागेतून गूगल फॉर्ममध्ये पातळी भरतील, ती शीटमध्ये जाईल आणि पाणी ४० फुटांवर गेलं की 'मेक' या ऑनलाइन साधनावरचा सिनॅरिओ (आपोआप चालणारी कामांची साखळी) लिस्टला मेल टाकेल. कोड लिहायचा नाही, पडद्यावर एकेका कामाचे गोल जोडत जायचे. शीट दर पंधरा मिनिटांनी तपासू. कुणाची हरकत?

प्रेषक: प्रसाद

मंजिरीताई, पंधरा मिनिटं नको. 'मेक'च्या फुकट योजनेत महिन्याला १,००० क्रेडिट मिळतात, आणि शीटमध्ये नवीन काही नसलं तरी नुसतं डोकावण्याचं एक क्रेडिट जातं. दिवसाला ९६. दहा-अकरा दिवसांत खडखडाट, तोही ऐन पुरात. तासाला एकदा ठेवलं तर महिना साडेसातशेत निघतो आणि मेलसाठी थोडे उरतात. मेल लिस्टच्या पत्त्यावर एकच जाऊ दे, घरटी नको.
झॅपियर या तशाच दुसऱ्या साधनावर फुकटात १०० टास्क आणि दोनच पायऱ्या, मध्ये अट घालायला जागाच नाही. एन-एट-एन हे तिसरं साधन स्वतःच्या सर्व्हरवर चालतं, पण सर्व्हर सांभाळणार कोण? गणपतीची वर्गणी गोळा करतानाच आपली दमछाक होते.

प्रेषक: अण्णा, सांगली

मंजू, प्रसाद,
आकडा भरायला माझी ना नाही. पण फॉर्ममध्ये 'पातळी' असा एकच रकाना दिसतोय. इथे पातळी फूट-इंचात बोलतात. सकाळी ४० फूट ९ इंच असली की माणूस ४०.९ लिहिणार, दुपारी ११ इंच झाली की ४०.११. तुमचं यंत्र म्हणणार पाणी उतरलं! फूट वेगळे, इंच वेगळे ठेवा आणि तिसऱ्या रकान्यात शीटलाच सगळ्याचे इंच करू दे. इशारा पातळी ४० फूट म्हणजे ४८०, धोका पातळी ४५ फूट म्हणजे ५४०. अट त्यावर लावा.

शिवाय ४० ची वाट बघू नका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथे त्याआधीच पाणी शिरतं. ज्यांचे आई-वडील तिथे राहतात त्यांना ४० ची मेल म्हणजे वरातीमागून घोडं. ३० पासून कळवा, पण फुटाचा आकडा बदलला तरच. दर नोंदीला मेल आली तर चौथ्या दिवशी कुणी उघडून बघणार नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा किती भागांत वीज बंद होती, आठवतं ना? तशा वेळी मी आकडा भरणार कसा? नोंद आली नाही की तुमचा सिनॅरिओ गप्प, आणि तिकडे तुम्ही समजणार की सगळं ठीक आहे.

प्रेषक: मंजिरी

अण्णा, हे आमच्या डोक्यातच आलं नसतं. मग दुसरा सिनॅरिओ घड्याळावर चालवू. सांगलीच्या सकाळी नऊला आणि रात्री नऊला तो शेवटच्या नोंदीची वेळ बघेल; ती बारा तासांपेक्षा जुनी असेल तर "सांगलीहून नोंद नाही" अशी मेल. टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारताची वेळ, ठेवते, नाहीतर तो इथल्या नऊला जागा होईल. फुकटात चालू सिनॅरिओ दोनच ठेवता येतात, तेवढ्यात भागतंय. अण्णांना जमलं नाही तर त्यांनी मिरजेत कुणाला तरी फोनवर आकडा सांगावा, फॉर्म तिथून भरता येईल. घरच्यांचे पत्ते आणि फोन मात्र या शीटमध्ये कुणीही घालू नका, ती यादी माझ्याकडे वेगळी राहील.

प्रेषक: प्रसाद

दोन्ही सिनॅरिओ जोडले. रविवारी ४६ फूट असा खोटा आकडा भरून बघतोय. मेलच्या विषयात 'चाचणी' असेल. मेल दिसताच सांगलीला फोन लावणाऱ्यांनी तेवढा शब्द आधी वाचावा, तिकडे रात्र असेल.