मदत हवी आहे: वळण कुठलं आणि खड्डा कुठला, हे स्टॅबिलायझर बारला कळतं कसं?

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आहे. शेवटचा एक किलोमीटर म्हणजे नुसता जांभा, त्यात पावसाने पाडलेले ओघळ. माझी जुनी फोर बाय फोर तिथे एक चाक हवेत धरून उभी राहते. म्हणून फाटकापाशी थांबायचं, गाडीखाली झोपून पुढच्या स्टॅबिलायझर बारच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडी झुकू न देणारा दांडा) लिंक सोडवायच्या म्हणजे चाकं मोकळी होतात, परतताना पुन्हा आवळायच्या. एकदा विसरलो आणि तसाच चोर्ला घाटात गेलो. पहिल्याच वळणावर गाडी अशी झुकली की बायको आजही ऐकवते.

परवा मित्राची लँड क्रूझर २०० त्याच ओघळातून चारही चाकं टेकवून गेली. तो खाली उतरलासुद्धा नाही. म्हणतो, हायड्रॉलिक आहे, केडीएसएस, म्हणजे कायनेटिक डायनॅमिक सस्पेन्शन सिस्टिम. बटण नाही, मग समजतं कसं? आणि माझ्या गाडीला बसेल का?

डिचोलीकर: समजत काहीच नाही, पंप नाही आणि वळण-खड्डा ओळखायला कॉम्प्युटरही लागत नाही. मूळ कल्पना पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कायनेटिक कंपनीची. पुढच्या आणि मागच्या बारच्या एकेका जोडणीत सिलिंडर असतो, प्रत्येकात पिस्टनच्या वर-खाली तेलाचे दोन कप्पे. पुढचा वरचा कप्पा मागच्या वरच्याला नळीने जोडलेला, खालचा खालच्याला. वळणावर गाडी पुढे-मागे एकाच बाजूला कलते. दोन्ही पिस्टन एकाच दिशेने रेटतात, तेलाला जायला जागा नाही, बार घट्ट. ओघळात पुढे डावं चाक वर आणि मागे उजवं. एक पिस्टन तेल ढकलतो, दुसरा घेतो. बार असून नसल्यासारखा.

मूळ प्रश्नकर्ता: पण पुढचं एकटंच चाक दगडावर चढलं तर? मागचा ॲक्सल सरळच असतो ना?

डिचोलीकर: जमिनीच्या हिशोबाने सरळ. पण बॉडी तिरकी होऊन दोन्ही ॲक्सलच्या मधल्या कोनात राहते. बॉडीवरून बघा, मागचा ॲक्सल पुढच्याच्या उलट कललेला दिसेल. सगळी मेख इथे आहे. केमिस्टकडून सुईशिवायच्या दोन सिरिंज आणा, पाणी भरा, नळीने जोडा आणि दट्टे दाबून बघा.

तुमच्या गाडीला बसवायच्या भानगडीत पडू नका. बार, सिलिंडर, स्प्रिंगा एकमेकांच्या मापाने बनवलेल्या असतात. पाना बरा. आणि मित्राला सांगा, खाऱ्या वाऱ्यात गाडी उभी असते तर नळ्यांचे जोड आणि व्हॉल्व्हचे बोल्ट गोड्या पाण्याने धूत जा. गंजून बसले की सुटता सुटत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता: आणल्या सिरिंज. एक दाबला की दुसरा बाहेर येतो. दोन्ही एकदम दाबले तर अंगठे दुखले, पण दट्टे जवळजवळ हलले नाहीत. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता, तेवढे किंचित दबले. परत नीट भरू का?

डिचोलीकर: राहू दे बुडबुडा. खऱ्या सिस्टिममध्ये नायट्रोजनचा ॲक्युम्युलेटर (दाबला जाणारा वायू भरलेली छोटी टाकी) मुद्दाम ठेवलेला असतो. बारीकसारीक धक्के तोच खातो.