शब्दचर्चा : दस्तयेवस्कीचे ‘स्तुशेवात्स्या’

प्रश्न : रशियन लेखक दस्तयेवस्कीच्या ‘द्वोइनिक’ (म्हणजे ‘प्रतिरूप’) या १८४६ सालच्या दीर्घकथेत ‘स्तुशेवात्स्या’ असे क्रियापद येते. निमंत्रण नसताना मेजवानीत शिरलेल्या गोल्यादकिन या कारकुनाच्या संदर्भात त्यासाठी मराठी अनुवादात ‘काढता पाय घेणे’ योग्य ठरेल काय? आजच्या रशियनमध्ये त्याचा ‘ओशाळणे, बावरणे’ असाही अर्थ होतो, म्हणून विचारतो.

प्रतिसाद : या शब्दाचा इतिहास स्वतः लेखकानेच लिहून ठेवला आहे. ‘लेखकाची दैनंदिनी’ या आपल्या नियतकालिकाच्या नोव्हेंबर १८७७च्या अंकात दस्तयेवस्की सांगतो की, साहित्यात हा शब्द प्रथम त्याने ‘द्वोइनिक’मध्ये वापरला, मात्र तो घडला पीटर्सबर्गच्या मुख्य अभियांत्रिकी विद्यालयात, त्याच्याच वर्गातल्या मुलांच्या तोंडी. तटबंद्यांचे आणि इमारतींचे नकाशे काढताना ‘तूश’ म्हणजे काळ्या शाईचा गडद पट्टा हळूहळू फिका करत अखेर कोऱ्या कागदात मिसळून टाकायचा, हे तिथले नित्याचे काम होते आणि त्यावरूनच माणसाच्या नाहीसे होण्यालाही मुले तेच क्रियापद लावू लागली. एवढ्या मोठ्या कादंबरीकाराला भाषेत एक शब्द रुळवल्याचा असा मोकळा आनंद व्हावा, हे मला फार हृद्य वाटते.

त्याच लेखातला त्याचा खुलासा अनुवादकाने डोळ्यांसमोर ठेवावा : नाहीसे व्हायचे, पण एकाएकी नव्हे, गडगडाट होऊन जमिनीत गडप होणे तर नव्हेच, तर नाजूकपणे, कोणाच्या लक्षातही न येता शून्यात उतरायचे. म्हणून ‘काढता पाय घेणे’ मला पटत नाही. त्यात घाई आहे आणि दाराकडे वळलेली पावले दिसतात. ‘धरणीने पोटात घ्यावे’ हा आपला वाक्प्रचार तर लेखकाने मुद्दाम वगळलेला अर्थच पुन्हा आत आणतो. ‘अंतर्धान पावणे’ म्हटले की देवादिकांचा चमत्कार आठवतो. मी ‘विरून जाणे’ निवडेन, कारण ढग विरतात, आवाज विरतो, आणि ते होत असताना नेमका क्षण कोणालाच पकडता येत नाही.

प्रतिसाद : ‘विरून जाणे’ मान्य आहे, परंतु ते आपोआप घडते आणि गोल्यादकिनला तर ते घडवून आणायचे आहे. आपण कोणाच्या अध्यात ना मध्यात, असे सतत बजावणारा हा माणूस स्वतःच दिसेनासा होऊ पाहतो. पुढे त्याच्याच नावाचा आणि चेहऱ्याचा दुसरा गोल्यादकिन कचेरीत येऊन त्याची जागा बळकावतो, तेव्हा ती इच्छा भलत्याच रीतीने फळते. त्यामुळे ‘हळूच पुसट होऊन जावे’ अशी रचना मला अधिक जवळची वाटते, कारण ‘पुसट’मध्ये शाई आणि कागद दोन्ही शिल्लक राहतात. ‘ओशाळणे’ मात्र इथे टाळावे. लेखकाने दिलेल्या खुलाशात लाजेचा उल्लेखही नाही.