वडिलांच्या जुन्या लॅपटॉपचा पासवर्ड माहीत नाही. फॉरमॅट न करता आतल्या फाइली मिळतील का?

प्रश्न – बांधावरून

नमस्कार. समुद्रपूर तालुक्यातील आमच्या गावी वडिलांनी २०११ साली घेतलेला लॅपटॉप आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर शेतीचा सारा हिशेब ते वहीऐवजी त्यातच ठेवत असत: वेचणीची मजुरी, सालदाराची उचल, डवरणीचे दिवस, कोणत्या नक्षत्रात किती पाऊस झाला, सगळे. गेल्या तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात ते गेले. पासवर्ड त्यांनी कोणाला सांगितला नव्हता, आणि पंचांगाची मागली पाने, चष्म्याची डबी, सातबाऱ्याची फाइल असे सर्व धुंडाळूनही तो कोठे लिहिलेला सापडला नाही. विंडोज ७ चा निळा पडदा येतो, वडिलांचे नाव दिसते आणि गाडी तेथेच अडते. तालुक्याच्या दुकानात नेला असता दुकानदाराने तो उघडूनही न पाहता फॉरमॅट मारावा लागेल असे सांगितले. सालदाराचा हिशेब गुढीपाडव्याला करावयाचा असल्याने मला लॅपटॉपपेक्षा त्या नोंदी हव्या आहेत. खरेदीचे बिल माझ्याजवळ आहे.

उत्तर – जुने यंत्र

फॉरमॅट मुळीच करू देऊ नका. विंडोजचे चिन्ह दिसल्यानंतर पासवर्ड विचारला जातो आहे, म्हणजे तो विंडोजचा आहे, बायोसचा (विंडोजच्या आधी यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) नाही. बायोसचा असता तर काम बरेच अवघड झाले असते. विंडोजचा पासवर्ड आत शिरण्यापुरता असतो. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, केलेली नसेल तर तिच्यावरील फाइली दुसऱ्या प्रणालीतून सरळ वाचता येतात. लॅपटॉप उलटा करून खालचा स्टिकर पाहावा. त्यावर होम बेसिक किंवा होम प्रीमियम असे असेल तर निश्चिंत राहा, कारण विंडोज ७ च्या या आवृत्त्यांत बिटलॉकर ही डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय नव्हतीच.

दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरूनच चालू शकणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती उतरवून रुफस या मोफत प्रोग्रामने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. २ जीबी रॅमवरही ती चालते. त्या पेन ड्राइव्हवर आधी असलेले सर्व पुसले जाते, तेव्हा रिकामाच घ्यावा. तो लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबावी: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. डेस्कटॉप उघडल्यावर तेथे 'इन्स्टॉल' असे चिन्ह दिसेल, त्याला हात लावू नये, नाहीतर दुकानदाराला जे करायचे होते ते आपल्याच हातून व्हायचे. मग विंडोजची डिस्क उघडून 'युजर्स'मधील वडिलांच्या नावाचे फोल्डर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली, तरी आपले काम तेवढेच आहे. पासवर्ड पुसणारी साधनेही मिळतात, पण ती डिस्कवर लिहितात. नोंदींची प्रत हाती येईपर्यंत त्या वाटेला जाऊ नये. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करून जाणकाराकडे द्यावा.

उत्तर – वर्धेकर

एक साधी गोष्ट आधी पाहावी. त्या काळातील लहान लॅपटॉपना वेगळा अंकफलक नसे, आणि नम लॉक (अक्षरांच्या काही कळांना अंकांच्या कळा बनवणारी कळ) चालू राहिले की जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ उमटत. पडद्यावर नुसते ठिपके दिसत असल्याने ते कळत नाही. आपण करून पाहिलेला एखादा अंदाज बरोबरही असेल. चुकीचा पासवर्ड दिल्यावर खाली सूचक ओळ येते का, तेही सांगा.

प्रश्नकर्ता – बांधावरून

सूचक ओळ येते: 'नेहमीचे'. आमच्या वडिलांचा स्वभाव पाहता यावरून काहीच ठरवता येत नाही. नम लॉक बंद करून पाहिले, उपयोग झाला नाही. स्टिकरवर होम बेसिक आहे. बॅटरी निकामी असल्याने भारनियमनाचे तास टाळून रविवारी पहाटे पेन ड्राइव्ह लावून पाहीन.

उत्तर – कळफलक

वडील शाळेत मराठी टंकलेखन करत असतील तर नोंदी कृती देवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असण्याचा संभव आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर 'मराठी' हा शब्द ई, जे, के, बी, एच अशा रोमन अक्षरांत दिसतो, आणि फाइल खराब झाली असे समजून लोक ती पुसूनही टाकतात. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातले 'फॉन्ट्स' हे फोल्डरही सोबत उतरवून घ्यावे.

प्रश्नकर्ता – बांधावरून

सर्वांचे आभार. पहिल्या खेपेस मधेच वीज गेली. दुसऱ्या खेपेस शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून ४० मिनिटांत सर्व उतरले. भाचीच्या संगणकावर फाइल उघडली तेव्हा पानभर नुसती इंग्रजी अक्षरे पाहून छातीत धस्स झाले होते, पण फॉन्ट टाकताच मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी नावे ओळीने उमटली. सालदाराची उचलही तारीखवार आहे, आणि दोन ठिकाणी ती माझ्या अंदाजापेक्षा कमी निघाली. एक प्रत धाकट्या भावाकडे दिली आहे. पासवर्ड अजून सापडलेला नाही.