भूतानचे प्रतिरात्र शुल्क : पर्यटनाला आधार की अडसर?

सह्यवाट (प्रश्न)
पुढच्या मार्चमध्ये हासीमारापर्यंत रेल्वेने, तेथून जयगावमार्गे फुंटशोलिंगला आणि पुढे थिंफू, पुनाखा, पारो येथे मिळून सहा रात्री असा सहकुटुंब बेत आहे. भारतीयांना दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. आम्ही दोघे आणि दहा वर्षांची मुलगी (तिला निम्मे) मिळून ही रक्कम १८,००० रुपये होते, आणि खोली, जेवण, टॅक्सी यांपैकी काहीही त्यात येत नाही. २०२० पूर्वी आपल्याला हे शुल्क नव्हते. पर्यटनावर एवढी भिस्त असलेल्या देशाने शेजारच्या मध्यमवर्गीय प्रवाशाला असे बिचकवावे का?

आकडेमोड
भूतानने १९७४मध्ये पर्यटकांना दार उघडले तेच ‘गर्दी थोडी, मोल जास्त’ या धोरणाने. डॉलरमध्ये पैसे मोजणाऱ्या पाहुण्यांना हंगामात दिवसाला किमान २५० डॉलर द्यावे लागत. पण त्यात निवास, जेवण, वाटाड्या, गाडी हे सारे आले आणि सरकारी शुल्क त्यातलेच ६५ डॉलर होते. महासाथीनंतर सप्टेंबर २०२२मध्ये सीमा उघडताना ही व्यवस्था मोडीत काढून नुसते शुल्कच २०० डॉलर केले गेले. वर्षभरात, १ सप्टेंबर २०२३पासून, ते निम्म्यावर आणावे लागले. दर डोईजड झाला होता याची याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

ईशान्यवेडा
नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. किमान ६० टक्के भूभाग कायम वनाच्छादित ठेवण्याचे बंधन भूतानच्या संविधानातच आहे, आणि मोफत शिक्षण व आरोग्यसेवेच्या खर्चाला या शुल्काचा हातभार लागतो. ऑक्टोबर २०१९मध्ये दोचुला खिंडीतील स्तूपावर शिडी लावून चढलेला दुचाकीस्वार आपल्याकडचाच होता. त्या छायाचित्रानंतर तेथील लोक संतापले तर त्यांना बोल लावता येणार नाही. स्वस्ताईपायी मनालीची काय दशा झाली, हे आपण पाहतोच.

खिंडीपलीकडे
स्तूपावर चढणाऱ्याला दंड हवाच. मात्र त्यासाठी सरसकट सर्वांचा प्रवास महाग करणे मला पटत नाही. या शुल्काची खरी मेख अशी की ते खोलीच्या भाड्यानुसार बदलत नाही. आलिशान रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्याच्या बिलात ते दिसतसुद्धा नाही, पण दीड हजारांच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याला खोलीच्या भाड्याहून अधिक रक्कम सरकारला द्यावी लागते. मग तो माणूस दोन रात्री कमी करतो, आणि फटका बसतो तो थिंफूतील लहान हॉटेलवाल्याला, टॅक्सीचालकाला, एमा दात्शी (मिरची-चीजचा तिथला पदार्थ) वाढणाऱ्या खानावळीला. २०१९मध्ये भूतानला तीन लाखांहून अधिक पाहुणे आले आणि त्यांत बहुसंख्य भारतीय होते. ही मंडळी त्याच गिऱ्हाइकावर तगून होती. जून २०२३मध्ये डॉलरवाल्या पाहुण्यांसाठी चार दिवसांच्या शुल्कात आणखी चार दिवस राहण्याची सवलत काही काळ दिली होती. तशीच योजना भारतीयांना, निदान जून ते ऑगस्टच्या पावसाळी मंदीत, दिली तर गर्दी न वाढवताही मुक्काम लांबेल.

सह्यवाट, तुमच्यापुरते सांगायचे तर न्गुलट्रम या भूतानी चलनाचे मूल्य रुपयाइतकेच असल्याने चलनबदलात तोटा नाही. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, आधार चालत नाही. मुलीचा पासपोर्ट नसल्यास जन्मदाखल्याची मूळ प्रत जवळ ठेवा.